परदेशी चलनाचा चेक : खात्यावर दिसला म्हणजे वटला असे नव्हे

परदेशात नोकरी करून परतलेल्यांच्या घरी, किंवा मुले तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांत, अमेरिकेतील एखाद्या बँकेवर काढलेला डॉलरचा चेक टपालाने येतो. जुन्या मालकाकडून राहिलेली रक्कम, विम्याचे पैसे, आयकराचा परतावा किंवा नातवाच्या बाप्तिस्म्याला जाता न आलेल्या आजीला पाठवलेली भेट, असे काहीही त्यामागे असू शकते. हा चेक येथील बँकेत भरण्याची रीत आपल्या रोजच्या चेकहून निराळी आहे आणि ती ठाऊक नसल्यास नुकसान होते.

रुपयांचा चेक देशातल्या देशात एक-दोन दिवसांत वटतो. डॉलरच्या चेकचे पैसे मात्र ज्या अमेरिकन बँकेवर तो काढलेला आहे तिच्याकडूनच यावयाचे असतात. त्यामुळे आपली बँक तो आपल्या परदेशातील प्रतिनिधी बँकेमार्फत वसुलीसाठी पाठवते. यास कित्येक आठवडे लागू शकतात. काही वेळा प्रतिनिधी बँक रक्कम लगेच जमा दाखवते; परंतु ती जमा तात्पुरती असते. म्हणून भारतीय बँका त्यानंतर काही दिवस थांबून मगच ग्राहकास रुपये देतात. एखादी बँक जुन्या, विश्वासू ग्राहकाचा चेक स्वतः विकत घेऊन रक्कम आधीच देते. तथापि हे एक प्रकारचे कर्जच होय. चेक परत आला तर ती रक्कम व्याजासह वसूल होते. शिवाय डॉलर परत करताना त्या दिवसाचा बँकेचा विक्रीचा दर लागतो, जो खरेदीच्या दराहून नेहमीच चढा असतो. न मिळालेल्या पैशावर भुर्दंड भरावा लागतो तो असा.

खोट्या चेकचे फसवे व्यवहार याच फटीतून चालतात. अनोळखी माणूस मोठ्या रकमेचा चेक पाठवतो, 'चुकून जास्त लिहिले गेले, वरचे पैसे परत पाठवा' असे सांगतो. खात्यात रक्कम दिसते, आपण पैसे पाठवतो आणि काही आठवड्यांनी मूळ चेक बनावट ठरून परत येतो. बँकेस मात्र पूर्ण रक्कम आपणच देणे लागतो.

चेक हाती येताच तारीख पाहावी. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ०३/०७ म्हणजे ७ मार्च, ३ जुलै नव्हे. भारतात १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत ३ महिने आहे. अमेरिकेत ६ महिन्यांहून जुना चेक वटवण्याचे बंधन बँकेवर नसते, तर अमेरिकी सरकारी कोषागाराचा चेक १ वर्षापर्यंत चालतो. टपालात गेलेले दिवसही यातच मोजावे. दुसरी अडचण नावाची. तिकडे पहिले नाव व आडनाव एवढेच लिहितात, आपल्या खात्यात मात्र वडिलांचे अथवा पतीचे नाव मध्ये असते. शाखेत आधी विचारून चेकच्या पाठीमागे सांगतील तशी सही करावी.

दोन्हीकडील बँकांचे शुल्क वजा होत असल्याने लहान रकमेच्या चेकमधून हाती फारच थोडे उरते. पन्नास डॉलरची भेट पाठवणाऱ्या मुलांना हे आधीच सांगितलेले बरे.

अमेरिकेची सामाजिक सुरक्षा पेन्शन घेणारी व्यक्ती निवर्तल्यास विशेष काळजी घ्यावी. मृत्यू झाला त्या महिन्याची पेन्शन देय नसते. त्यानंतर मृताच्या नावे आलेला चेक वटवू नये, तो परत करावा लागतो. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही आणि पुढे वसुलीचे पत्र येते.

धर्मग्रामाच्या नावे आलेल्या चेकचा प्रश्न तर वेगळाच. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी ही परदेशी अंशदान ठरते, दाता मूळचा गावचाच असला तरीही. असे अंशदान परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारता येते. स्थानिक शाखेत असा चेक भरणे नियमबाह्य होय. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी मात्र यात मोडत नाही. परदेशी नागरिक असलेल्या नातेवाइकांनी आपणास व्यक्तिशः पाठवलेल्या पैशाबाबत जुलै २०२२ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत सरकारला कळवावे लागत नाही. त्याहून अधिक असल्यास ३ महिन्यांत कळवावे लागते.

मुळात चेकचेच दिवस सरत आले आहेत. अनेक बँकांनी परदेशी चेक स्वीकारणे बंद केले आहे. अमेरिकी सरकारने मार्च २०२५ च्या आदेशाने, काही अपवाद वगळता, ३० सप्टेंबर २०२५ पासून कागदी चेक थांबवण्याचे ठरवले. तेव्हा पैसे पाठवणाऱ्यास आपले खात्यावरील पूर्ण नाव, खाते क्रमांक आणि शाखेकडून मिळणारा स्विफ्ट संकेतांक कळवून थेट खात्यात रक्कम मागवावी. हाती चेक असेलच, तर त्याच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत व बँकेची पोच पैसे मिळाल्यानंतरही जपून ठेवावी; पाठीमागील सही खोटी असल्याची तक्रार फार उशिराही येऊ शकते.