नाचण्याचा गुन्हा: फ्लॉरेन्स, १६३१

१/
जानेवारी १६३१. इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या आरोग्य मंडळाने, म्हणजेच ‘सानिता’ने, फर्मान काढले की चाळीस दिवस नागरिकांनी घराबाहेर पडू नये. आदल्या उन्हाळ्यात प्लेग शहरात शिरला होता. बंद दारांआडच्या त्या दिवसांत सामान्य माणसांनी मन कशात रमवले, याची माहिती आज मिळते ती एका अनपेक्षित ठिकाणी: खटल्यांच्या कागदपत्रांत.

२/
ही साथ युद्धाच्या पाठोपाठ आली. मांतुआच्या गादीच्या वारसाहक्कावरून उत्तर इटलीत संघर्ष पेटला आणि १६२९मध्ये आल्प्स ओलांडून आलेल्या फौजांनी रोग सोबत आणला. मिलान, व्हेनिस, व्हेरोना ही शहरे एकामागून एक ग्रासली गेली. प्लेगशी इटलीचा परिचय जुनाच होता. ‘क्वारंटाइन’ या शब्दाचे मूळही इटालियन भाषेतील ‘चाळीस दिवस’ या शब्दांत आहे.

३/
फ्लॉरेन्सची व्यवस्था चोख होती. घरात कोंडलेल्या गरिबांना उपाशी ठेवून बंदी टिकणार नाही, हे मंडळाने ओळखले होते. तीस हजारांहून अधिक लोकांना घरपोच शिधा मिळे. रोज पाव आणि वाइन. रविवारी, सोमवारी व गुरुवारी मांस. मंगळवारी मिरे, बडीशेप आणि रोझमेरी घातलेले सॉसेज. उरलेल्या दिवशी भात आणि चीज, तर शुक्रवारी गोड-कडू पाल्याची कोशिंबीरही. अनेक गरीब घरांत एरवीही इतके नियमित जेवण मिळत नसावे.

४/
आत्म्याचीही सोय झाली. चर्चमधील गर्दी टाळण्यासाठी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर वेदी मांडल्या गेल्या आणि लोकांनी खिडक्यांतून, उंबरठ्यावरून प्रार्थनेत भाग घेतला. पोटाचा विचार झाला, परलोकाचा झाला. मनाच्या विरंगुळ्याला मात्र या योजनेत जागा नव्हती. एकत्र जमणे, खेळणे, नाचणे यांना सक्त मनाई होती.

५/
माणसे ती मनाई मोडत राहिली. साधारण वर्षभरात पाचशेहून अधिक जणांवर नियमभंगाचे खटले भरले गेले. यांतील बरेच गुन्हे अगदी किरकोळ वाटतील असे आहेत: शेजाऱ्यांसोबत पत्ते खेळणे, मिळून वाइन पिणे, दारात उभे राहून बोलणे. बहुतेकांना काही काळ कोठडीत ठेवून दंडाशिवाय सोडले गेले. कदाचित न्यायाधीशांनाही या गुन्ह्यांचे स्वरूप उमगले असावे.

६/
या कागदांत मारिया आणि कामिल्ला या दोन तरुण बहिणी भेटतात. त्यांच्या आईला प्लेगच्या इस्पितळात हलवले होते. तिच्या माघारी या मुली त्याच इमारतीतील मैत्रिणींसोबत नाचल्या. प्रकार उघडकीस आला आणि मैत्रिणींच्या आईवडिलांना तुरुंगात नेण्यात आले. आई जिवंत परतेल की नाही, हे ठाऊक नसताना या मुली नाचत होत्या. तो बेफिकीरपणा होता की भीती विसरण्याची धडपड, हे कारकुनाने लिहिले नाही. तेवढे विचारण्याचे त्याला कारणही नव्हते.

७/
येथे एक विसंगती आहे. भीती आणि दुःख यांनी शरीर रोगाला बळी पडते, असे त्या काळचे वैद्यकच सांगत होते. चौदाव्या शतकात फ्लॉरेन्सचाच वैद्य तोमासो देल गार्बो याने प्लेगपासून बचावाच्या उपायांत आल्हाददायक गाणी, खेळ आणि गोष्टी यांचा समावेश केला होता. बोकाच्चोच्या ‘डेकामेरॉन’मधील दहा तरुण १३४८च्या प्लेगमध्ये शहर सोडतात आणि दहा दिवसांत शंभर कथा सांगतात. पण त्यांच्यासाठी गावाबाहेर हवेल्या होत्या. १६३१च्या विणकराकडे एक खोली होती आणि भिंतीपलीकडे शेजारी.

८/
म्हणून मंडळाला खलनायक ठरवणेही अन्यायाचे होईल. या साथीत फ्लॉरेन्सची सुमारे १२ टक्के लोकसंख्या दगावली. व्हेनिसमध्ये हे प्रमाण ३३ टक्के, मिलानमध्ये ४६, तर व्हेरोनात ६१ टक्क्यांच्या आसपास होते. या फरकाचे सारे श्रेय बंदीला देता येत नाही. तरीही एका खोलीत जमून नाचणे खरोखर धोक्याचे आहे, अशी मंडळाची धारणा होती आणि तिला आधार होता. मुलींची गरज खरी होती, तशी मंडळाची भीतीही खरी होती.

९/
त्याच वेळी शहराबाहेर गॅलिलिओ आपल्या ‘संवाद’ या ग्रंथाच्या छपाईसाठी झगडत होता. प्लेगच्या नाकेबंदीमुळे हस्तलिखित रोमला धाडणे कठीण झाले होते. त्याची थोरली मुलगी, सिस्टर मारिया चेलेस्ते, जवळच्या आर्चेत्री येथील मठात जोगीण होती. मठाच्या नियमानुसार तिला बाहेर पडण्याची मुभाच नव्हती. इतरांना चाळीस दिवसांसाठी लाभलेले बंदिस्त जीवन तिने तेराव्या वर्षापासून जगले होते.

१०/
तिची १२४ पत्रे उपलब्ध आहेत. नोव्हेंबर १६३०मध्ये तिने वडिलांना प्लेगवर औषध पाठवले: सुके अंजीर, अक्रोड, सताप आणि मीठ मधात कालवून केलेला अवलेह. रोज सकाळी अनशापोटी अक्रोडाएवढा घ्यावा आणि वर थोडी चांगली वाइन प्यावी, अशी सूचनाही दिली. तिच्या पत्रांत लिंबवर्गीय फळांचे पाकवलेले मुरंबे येतात, वडिलांच्या कॉलरींची दुरुस्ती येते. या अवलेहाने प्लेग हटला नसता. पण तो कुटण्यात, कालवण्यात आणि भरून पाठवण्यात तिची एक दुपार तरी काळजीविना गेली असेल.

११/
एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. मारिया चेलेस्तेला लिहिता येत होते आणि तिचे वडील प्रसिद्ध होते, म्हणून तिचा विरंगुळा तिच्याच शब्दांत टिकला. नाचणाऱ्या बहिणींचा टिकला तो त्या पकडल्या गेल्या म्हणून. ज्या पकडल्या गेल्या नाहीत, ज्यांनी हलक्या आवाजात गाणे म्हटले, मुलांना गोष्टी सांगितल्या, फाटके कपडे उगाच पुन्हा शिवले, त्यांची नोंद कोठेच नाही.

१२/
साथींचा इतिहास सहसा मृतांच्या आकड्यांतून आणि सरकारी हुकुमांतून लिहिला जातो. ती साधने आवश्यकच आहेत. पण फ्लॉरेन्सचे खटले वाचताना आणखी एक प्रश्न मनात ठेवावा लागतो: हा गुन्हा घडण्यापूर्वी त्या खोलीत काय चालले होते? बहुतेक वेळा उत्तर साधेच निघते. कोणीतरी पत्ते पिसत होते, कोणीतरी पेला भरत होते, आणि दोन मुली आईची वाट पाहत नाचत होत्या.