झाडू, टकळी आणि छापखाना

नववीत आम्हाला कार्यानुभवाचा तास होता. कोठारी आयोगानं (१९६४-६६) शिफारस केलेला. मास्तर पुस्तकबांधणीला काही पोरं निवडायचे, बागेला काही. मैदान झाडायला मात्र दर खेपेला आमच्याच वस्तीतले चौघे. झाडू मारणं मला घरूनच येत होतं. त्यात शिकायचं काय होतं?

पुढं वाचत गेलो तेव्हा कळलं, हा झाडू काही एकट्या मास्तरांनी हातात दिलेला नव्हता. १९३७ साली गांधींनी वर्ध्यात नई तालीम मांडली, हस्तोद्योगातून शिक्षण. टकळी तिथं सगळ्यांच्याच हातात, हे कबूल. पण १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी काय केलं बघा. खेड्यातल्या प्राथमिक शाळेचे तास दिवसाला तीनवर आणले. उरलेल्या वेळात पोरानं बापाचा धंदा शिकायचा. म्हंजे चांभाराच्या पोरानं चामडंच कापायचं. पेरियार आणि द्रविड चळवळीनं हे 'कुलक्कल्वी', कुळाचं शिक्षण, म्हणून झोडपलं. १९५४ साली राजाजी गेले, कामराज आले आणि योजना गुंडाळली.

मग कामातून शिकणंच वाईट का? तसं नाही. भाऊराव पाटलांचं साताऱ्याचं बोर्डिंग घ्या, १९२४ चं. महार-मांगांसकट सगळ्या जातीधर्मांची पोरं एकत्र रांधायची, एकत्र जेवायची, शेतात राबायची. १९४० साली त्यांनी महाराजा सयाजीराव हायस्कूल काढलं, तिथंही कमवा आणि शिका. कामाची वाटणी जातीवर नव्हती. सगळा फरक इथं आहे.

बाबासाहेब आणखी पुढं गेले. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बघत होते. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी मागितलं, आमच्या पोरांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून घ्या. टकळी नाही, झाडू नाही. यंत्र! बापजाद्यांना ज्याच्या जवळपास फिरकू दिलं नाही, ते काम. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा, पण अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखायची तरतूद त्यात यायला १९७३ उजाडलं.

आता २०२० चं शैक्षणिक धोरण म्हणतं, सहावी ते आठवीच्या पोरांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं काम शिकायला धाडा. दोस्तहो, आपापल्या वस्तीजवळच्या शाळेत जा. कुठल्या पोराला कुठल्या कामावर धाडलं तो कागद मागा, आणि आडनावासकट उतरवून आणा.