अवजल

चिपळूण तालुक्यात एक सरकारी शब्द लोकांच्या तोंडी बसला आहे. अवजल. कोयनेचं पाणी पोफळीला, अलोऱ्याला वीज करून खाली सुटतं, त्याला हे नाव. म्हणजे काम संपलेलं पाणी. हा शब्द ऐकला की मला वाटतं, ह्याची आपली ओळख जुनी आहे. काम करून घ्यायचं आणि मग वेशीबाहेर सोडायचं, हे आपल्या बापजाद्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलं. इंजिनेरांनी ह्या पाण्याचा इतिहास त्यांच्या बाजूनं लिहिला आहे. आपण आपल्या बाजूनं लिहायला पाहिजे.

कोयना महाबळेश्वरला उगवते. सह्याद्रीच्या कडेकडेनं दक्षिणेला येते, हेळवाकला पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत मिळते. तिचं पाणी जायचं बंगालच्या उपसागराला. हेळवाकजवळ धरण बांधून ते अडवलं. काम १९५४ च्या सुमाराला सुरू झालं, दहाएक वर्षं चाललं. उंची १०३ मीटर, लांबी ८०७ मीटर. मागं पन्नासेक किलोमीटर पाणी तुंबलं. त्याला नाव दिलं शिवसागर. आज त्यात १०५ अब्ज घनफूट पाणी मावतं. हे पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला वळवलं. पावणेपाचशे मीटर खाली, पोफळीच्या भुयारात ते पडतं. तिथं १९६२ साली पहिली वीज झाली. तेच पाणी पुढं कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोऱ्याला पुन्हा वीज. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला तलावाच्या पोटात खालून सुरुंग उडवला. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट.

आमच्यातले काही मित्र म्हणतात, धरण हेच पाप. मी तसं म्हणत नाही. आपल्याला तसं म्हणता येणार नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. पाणी आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांनी केली. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेवरच्या समितीपुढं त्यांनी मांडणी केली, तिचा अर्थ सरळ होता. वीज स्वस्त आणि मुबलक पाहिजे. विजेशिवाय कारखानदारी नाही, आणि कारखानदारीशिवाय ह्या देशातला गरीब गरिबीतून सुटत नाही. ज्याला गाव सोडायचंच होतं, त्याला वीज मुक्तीसारखी वाटली तर नवल काय? म्हणून माझं भांडण धरणाशी नाही. वाटपाशी आहे.

आता वाटप बघू. शिवसागरात शंभराच्या आसपास गावं गेली. नऊ हजारांवर कुटुंबं उठली. कोणी सांगलीला, कोणी सोलापूरला, कोणी ठाण्याला, कुलाब्याला. जमीन घेतली ती १८९४ च्या इंग्रजी कायद्यानं. पुनर्वसनाचा पहिला कायदा महाराष्ट्रानं केला १९७६ साली. तोवर धरण भरून बारा वर्षं झाली होती. जुन्या कायद्यात मोबदला कागदाला. ज्याच्या नावावर जमीन, त्याला पैसा. मग ज्याचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलंच नाही त्याचं काय? गावकीची कामं करणाऱ्याचा बलुत्याचा वाटा, मेलेल्या गुराचं कातडं, खळ्यावरची पाटी, ह्यांचा पंचनामा कोण करणार? वाईट होतं ते जगणं. पण तेवढंच होतं. गाव बुडालं तेव्हा तेही बुडालं, आणि बदल्यात काय मिळायचं हे कायद्यात लिहिलेलंच नव्हतं. ज्यांची नावं कागदावर होती तेही नीट बसले नाहीत. २०१८ साली कोयनानगरला धरणग्रस्त श्रमिक मुक्ती दलाबरोबर ठिय्या देऊन बसले होते. साठ वर्षांनी!

घाटाच्या ह्या बाजूला जमीन खोताची. एप्रिल १९२९ मध्ये चिपळुणात शेतकरी परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. कुणबी आणि महार एकत्र बसले, कारण दोघांच्या मानेवर खोत एकच. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या असेंब्लीत खोतीविरुद्ध बिल आणलं. ते पास झालं नाही. खोती कायद्यानं गेली ती १९४९ च्या कायद्यानं. मधल्या काळात आमच्या माणसाला दोनच वाटा. मुंबईची गिरणी, नाहीतर मिळेल ती खोदाई. माझा आजा पोफळीच्या बोगद्यात दगड वाहायला गेला. तो सांगायचा, आत अंधारात कोण कुठल्या जातीचा ते दिसायचं नाही. बाहेर जेवायला बसलं की दिसायचं.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला. १८० च्या आसपास माणसं मेली. कोयनानगर पडलं. वीज तुटली आणि इतक्या लांबचे मुंबईतले कारखाने थांबले. त्या दिवशी मुंबईला कळलं असेल, आपला उजेड कुठून येतो.

आज त्याच तलावावर तापोळ्याला, बामणोलीला बोटी चालतात. पर्यटक येतात, मिनी काश्मीर म्हणतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या घरांचे चौथरे, देवळं वर येतात. त्यांचे फोटो निघतात. फिरायला जाणाऱ्यावर माझा राग नाही. फक्त बोटीत बसल्यावर एकदा विचारावं, खाली कोण राहात होतं?

आणि आता पिण्याचं पाणी. बच्छावत लवादानं १९७० च्या दशकात ठरवून दिलं, वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेला वळवता येईल. ते वीज करून वाशिष्ठीत उतरतं. चिपळूण शहर त्यावर पितं, लोट्याचे कारखाने त्यावर चालतात, उरलेलं दाभोळच्या खाडीतून समुद्राला. ते मुंबईला न्यायच्या योजनाही कागदावर येऊन गेल्या. आमच्या वाडीत एप्रिल लागला की झरा आटतो. बाया रात्री दोनला उठून वाटीवाटीनं पाणी भरतात. टँकर आला तर आधी वरच्या वाडीला थांबतो. आमच्यापर्यंत तळाचं येतं, तेही गढूळ. डोंगराच्या पोटातून आमच्या पायाखालनं नदी जाते आणि आम्ही हंडा घेऊन बसतो.

महाडच्या नगरपालिकेनं १९२४ ला ठराव केला होता, चवदार तळं सर्वांना खुलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना पाण्यात उतरावं लागलं, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. तेव्हा आडवी आली ती शिवाशिव. आज शिवाशिवीचं नाव कोणी घेत नाही. आज म्हणतात योजना बसत नाही, उंची जास्त आहे, लोकसंख्या कमी आहे. पावणेपाचशे मीटर डोंगर ज्यांनी पोखरला, त्यांना शंभर-दोनशे मीटर पाणी वर चढवता येत नाही? वीज तर तिथंच होते.

मागणी एकच आहे. अवजलाचा एक थेंब तालुक्याबाहेर न्यायच्या आधी कोयनेच्या पायथ्याची प्रत्येक बौद्धवाडी, धनगरवाडी, कातकरवाडी नळानं पाणी पिऊ दे. ग्रामसभेत हा ठराव मांडा. कुणबी भावांना बरोबर घ्या, त्यांच्याही विहिरी आटतात. १९२९ ला एकत्र बसलो होतो, आता बसायला काय हरकत आहे?

जयभीम.