सह्याद्रीची शिखरे आणि युरोपीय आडनावे

सह्याद्रीच्या माथ्यांना युरोपीय माणसांची नावे मिळाली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, आणि थोडीफार विसाव्याच्या पूर्वार्धात. महाबळेश्वरला आर्थर्स सीट, केट्स पॉइंट, लॉडविक, बॅबिंग्टन, विल्सन, कॅनॉट पीक. माथेरानला लुइझा आणि अलेक्झांडर. खंडाळ्याला ड्यूक्स नोज. ही नावे गव्हर्नरांची, कलेक्टरांची, लष्करी अधिकाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्या बायकामुलींची. त्यांच्या मागचा सत्तेचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या मागे आणखी एक जुना इतिहास आहे, त्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. डोंगराला चिकटलेली ही आडनावे कधीकाळी स्वतःच एखाद्या गावावरून, बापाच्या नावावरून, संतावरून किंवा डोंगरावरूनच माणसांना चिकटलेली होती.

युरोपात वंशपरंपरागत आडनाव ही फार जुनी गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये ती पद्धत १०६६च्या नॉर्मन विजयानंतर उमरावांत सुरू झाली आणि पुढच्या तीन शतकांत सामान्य माणसापर्यंत उतरली. नाव ठरवण्याचे मार्ग महाराष्ट्राला परके वाटावेत असे नाहीत. गाव, बापाचे नाव, धंदा किंवा हुद्दा, आणि अंगच्या एखाद्या खुणेवरून पडलेले टोपणनाव. टेकडीवर राहणारा इंग्रज ‘हिल’ झाला, जर्मन ‘बर्ग’ किंवा ‘बर्गमान’, फ्रेंच ‘ड्यूमाँ’, कॅटलान ‘पूच’. मराठीत डोंगरे, पर्वते, टेकाडे ही आडनावे आहेत आणि किल्ल्याच्या चाकरीवरून आलेले गडकरीही.

डोंगर आणि माणूस यांच्यात नाव किती वेळा इकडून तिकडे जाऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण माँटगोमेरी हे आहे. नॉर्मंडीतल्या एका टेकडीला कुणा जर्मानिक माणसाचे नाव पडले आणि तिथल्या गावाला तेच लागले. गावाचे नाव सरदार घराण्याने घेतले. त्यातल्या रॉजरने वेल्समध्ये किल्ला बांधला, तेव्हा तिथल्या गावाला आणि पुढे परगण्यालाही ते मिळाले. एकोणिसाव्या शतकात पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर सर रॉबर्ट माँटगोमेरी याच्यावरून साहिवालचे नाव माँटगोमेरी ठेवले गेले. आता पाकिस्तानात ते शहर पुन्हा साहिवाल आहे.

सह्याद्रीवरची कथा महाबळेश्वरपासून सुरू होते. १८२४ मध्ये साताऱ्याकडचा लष्करी अधिकारी पीटर लॉडविक डोंगर चढून वर आला. वर पोचलेला पहिला युरोपीय म्हणून त्याची नोंद होते. १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झालेल्या सर जॉन माल्कमने त्या जागेचे आरोग्यधाम करायचे ठरवले. मे १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार होऊन वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरचा मुलूख कंपनीला मिळाला आणि तिथली बाजारवस्ती माल्कमपेठ म्हणून ओळखली जाऊ लागली. स्कॉटिश नाव आणि मराठी पेठ यांची ही जोड सरकारी कागदांत पुढे दीर्घकाळ टिकली.

माल्कम हे मूळचे आडनाव नव्हे, व्यक्तिनाव. गेलिक भाषेत ‘मेल कोलुम’ म्हणजे संत कोलंबाचा सेवक. हा आयरिश संत इ. स. ५९७ मध्ये आयोना बेटावर वारला. देवाचे किंवा संताचे दास्य नावात मिरवण्याची ही रीत रामदास, हरिदास अशा नावांच्या देशात सहज समजण्यासारखी आहे. स्कॉटलंडचे चार राजे माल्कम नावाचे झाले आणि पुढे ते घराण्यांचे आडनाव बनले. गव्हर्नर माल्कमच्या मुलीच्या नावाने महाबळेश्वरचा केट्स पॉइंट ओळखला जातो. त्या जागेचे आधीचे नाव नाके खिंड. केट हे कॅथरीनचे लघुरूप, आणि कॅथरीन या नावालाही स्वतःचा पर्वत आहे. संत कॅथरीनचा देह देवदूतांनी सिनाईच्या डोंगरावर नेऊन ठेवला अशी ख्रिस्ती आख्यायिका आहे, आणि इजिप्तमधले ते सर्वोच्च शिखर आजही जबल कॅथरिना म्हटले जाते.

लॉडविकच्या नावाचा पॉइंट पूर्वी सिडनी पॉइंट होता. पुढे पहिल्या चढाईची आठवण म्हणून नाव बदलले आणि लॉडविकच्या मुलाने तिथे स्मारकस्तंभ उभारला. लॉडविक म्हणजे जर्मन लुडविगचे इंग्रजी वळण. ‘ह्लूद’ म्हणजे कीर्ती आणि ‘विग’ म्हणजे युद्ध, अशा दोन शब्दांचे ते नाव. याच नावाचे फ्रेंच रूप लुई, आणि लुईचे स्त्रीलिंगी रूप लुइझा. म्हणजे महाबळेश्वरचा लॉडविक पॉइंट आणि माथेरानचा लुइझा पॉइंट हे एकाच फ्रँकिश नावाचे दोन वंशज आहेत. माथेरानच्या तलावाला ज्या शार्लटचे नाव आहे, ते चार्ल्सचे स्त्रीलिंगी रूप. मूळ जर्मानिक ‘कार्ल’, म्हणजे पुरुष, स्वतंत्र माणूस.

माथेरान आणि आर्थर्स सीट यांना जोडणारे घराणे मॅलेट यांचे. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी १७८६ पासून इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या सर चार्ल्स वॉर मॅलेटने चित्रकार जेम्स वेल्स याची मुलगी सुझाना हिच्याशी लग्न केले. त्यांच्या मुलांपैकी आर्थर आणि ह्यू पॉइंट्झ हे दोघे मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीत आले. आर्थरने महाबळेश्वरच्या पश्चिम कड्याजवळ घर बांधले आणि मढीमहाल हे त्या जागेचे जुने नाव मागे पडून आर्थर्स सीट रूढ झाले. त्याच नावाची टेकडी एडिंबरा शहरात आहे. तिथला आर्थर मात्र दंतकथेतला राजा मानला जातो. ह्यू मॅलेट ठाण्याचा कलेक्टर होता. मे १८५०मध्ये चौकच्या बाजूने तो माथेरानच्या पठारावर चढला आणि गिरिस्थानाची कल्पना तिथून पुढे आली.

त्या काळचा ठाणे जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. पनवेल आणि कर्जतचा भाग त्यातच येत असे; तो कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. ठाणे खाडीच्या काठावरचे, पारसिक डोंगररांगेच्या पश्चिमेचे सानपाडा आणि माथेरानचे पठार ही दोन्ही एकाच कलेक्टरच्या अंमलाखाली होती. पारसिकच्या रांगेला मात्र कोणा साहेबाचे नाव लागले नाही, कारण उन्हाळ्यात थंडावा देण्याइतकी ती उंच नव्हती. साहेबांची नावे पडली ती मुख्यतः जिथे बंगले, घोडावाटा आणि संध्याकाळी फिरायला जाण्याची ठिकाणे तयार झाली तिथे. कर्नाळ्याच्या सुळक्याला ‘फनेल हिल’ आणि मलंगगडाला ‘कॅथीड्रल रॉक’ म्हटले गेले. तिथे वस्ती नव्हती, म्हणून दुरून दिसणाऱ्या आकारावरच भागले. हाजी मलंग यांच्यावरून पडलेले मलंगगड हे नाव ‘कॅथीड्रल’ला पुरून उरले.

खंडाळ्याच्या नागफणीला मात्र आकारही मिळाला आणि माणूसही. फणा काढलेल्या नागासारखा तो कडा इंग्रजांना वेलिंग्टनच्या ड्यूकच्या धारदार नाकासारखा भासला, म्हणून ड्यूक्स नोज. हा ड्यूक म्हणजे १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि असईची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली. त्याच्या आडनावाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. घराणे मूळचे आयर्लंडमधले कॉली. आजोबांनी १७२८मध्ये वारशाबरोबर वेस्ली हे आडनाव घेतले, आणि १७९८मध्ये घराण्याने त्याचे वेलस्ली हे जुने रूप पुन्हा स्वीकारले. वेलस्ली हे इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातले स्थळनाम, आणि ज्यावरून ड्यूकची पदवी आली ते वेलिंग्टन हे गावही तिथलेच.

१ मे १८५० रोजी, म्हणजे वेलिंग्टनच्या वाढदिवशीच, व्हिक्टोरिया राणीला तिसरा मुलगा झाला. वेलिंग्टन त्याचा धर्मपिता, म्हणून मुलाचे नाव आर्थर. हाच पुढे ड्यूक ऑफ कॅनॉट झाला आणि १८८६ ते १८९० मुंबईच्या फौजेचा सेनापती होता. महाबळेश्वरचे कॅनॉट पीक त्याच्या पदवीवरून ओळखले जाते. कॅनॉट हा आयर्लंडचा पश्चिमेकडचा प्रांत. सह्याद्रीवरच्या तीन प्रसिद्ध जागांमागे असे तीन आर्थर उभे आहेत. त्या नावाचे मूळ अभ्यासकांत वादाचे आहे: कोणी रोमन ‘आर्टोरियस’ सांगतात, कोणी अस्वलासाठीचा केल्टिक शब्द.

कॅनॉट पीकचे आधीचे इंग्रजी नाव माउंट ऑलिंपिया होते. ऑलिंपिया हे युरोपात मुलींना ठेवले जाणारे नाव, आणि ते येते ग्रीसच्या ऑलिंपस पर्वतावरून. देवांचा पर्वत, त्यावरून स्त्रीचे नाव, आणि तेच पुन्हा कृष्णेच्या उगमाजवळच्या एका शिखराला, असा त्याचा प्रवास. राजपुत्राच्या सन्मानासाठी ते पुसले गेले ही हानीच म्हणावी लागेल, कारण या साऱ्या यादीत थेट पर्वतातून आलेले नाव तेवढेच होते.

उरलेली बहुतेक आडनावे गावांची किंवा बापांची आहेत. एल्फिन्स्टन हे स्कॉटलंडच्या पूर्व लोदियनमधल्या जमिनीचे नाव. त्या आडनावाचे दोन गव्हर्नर मुंबईला आले, पहिला माउंटस्ट्युअर्ट आणि नंतर त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन. बॅबिंग्टन म्हणजे ‘बॅबा’ नावाच्या माणसाच्या लोकांची वस्ती. विल्सन म्हणजे विलचा मुलगा. १९२३ ते १९२८ या काळातला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन याच्यावरून सिंदोळा या १,४३९ मीटर उंचीच्या, महाबळेश्वरातल्या सर्वोच्च टेकडीला विल्सन पॉइंट म्हणू लागले.

जगातल्या सर्वोच्च शिखराच्या नावाची एक कडीही महाराष्ट्रातून जाते. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा प्रमुख विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये वर्धेजवळच्या हिंगणघाटला वारला आणि त्याचे काम साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. लॅम्बटन हे डरहॅम परगण्यातल्या गावाचे नाव. एव्हरेस्ट हे नॉर्मंडीतल्या एव्रू शहरावरून आले असे मानले जाते, आणि एव्रूच्या नावात एबुरोव्हिसेस ही गॉल जमात दडलेली आहे. १८५६ मध्ये अँड्र्यू वॉने शिखराला आपल्या माजी वरिष्ठाचे नाव सुचवले. खुद्द एव्हरेस्टने आक्षेप घेतला होता की हे नाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, हिंदीत लिहिताही येणार नाही. तरी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते कायम केले. तिबेटी चोमोलुंग्मा बाजूला राहिले. घरचे लोक आडनावाचा उच्चार ‘ईव्हरेस्ट’ असा करत; जगात रूढ झाला तो दुसराच.

युरोपीयांच्या स्वतःच्या मुलखातही शिखराला सेनाधिकाऱ्याचे नाव देण्याची प्रथा होती. स्वित्झर्लंडच्या ४,६३४ मीटर उंचीच्या सर्वोच्च शिखराला १८६३ मध्ये नकाशाकार जनरल दुफूरचे नाव दिले गेले. दुफूर म्हणजे ‘भट्टीवरचा’. गावच्या पावभट्टीपाशी राहणाऱ्या किंवा तिथे काम करणाऱ्या कुणा पूर्वजाचे ते नाव.

मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८मध्ये प्रभादेवी झाले. डोंगरावरच्या नावांबाबत तसा बदल झालेला नाही. महाबळेश्वर-माथेरानच्या पाट्यांवर इंग्रजी नावेच आहेत, आणि गिर्यारोहकांच्या बोलण्यात मात्र नागफणी आणि सिंदोळा अजून ऐकू येतात.