साखळीला लगाम

पेट्रोलवर चालणारी आजची कोणतीही चेनसॉ हातात घेतली, तर तिच्यावर चार-पाच भाग असे सापडतात, ज्यांचा लाकूड कापण्याशी काडीचा संबंध नाही. पुढच्या मुठीसमोर उभी असलेली प्लास्टिकची ढाल. मागच्या मुठीच्या पाठीवरची, तळहाताने दाबल्याशिवाय थ्रॉटल न सोडणारी पट्टी. साखळी तुटून उसळली तर तिला अडवणारा तळाशी असलेला खुंट. मागच्या मुठीखालचा पसरट पंजा. आणि इंजिन व मुठी यांच्यामध्ये बसवलेले रबराचे किंवा स्प्रिंगचे गट्टू. हे सगळे काढून फेकले तरी करवत तेवढ्याच वेगाने ओंडका कापेल. १९५० च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या करवतींवर हे भाग नव्हतेच. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ते एकेक करून आले, आणि ते येण्याआधी कुणाची बोटे, कुणाची मांडी, कुणाचा चेहरा कामी आला होता.

या यंत्राची कुळकथा जंगलात नाही, शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुरू होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडच्या दोन डॉक्टरांनी हाड कापायला बारीक दातांची साखळी वापरली. तिच्या दोन्ही टोकांना मुठी होत्या. साखळी हाडाखालून ओवायची आणि आळीपाळीने ओढायची. अडलेल्या बाळंतिणीच्या ओटीपोटाचा पुढचा सांधा मोकळा करणे हाही तिचा एक उपयोग होता. पुढे १८३० च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांनी अशीच साखळी एका पात्याच्या कडेने फिरवली आणि तिला हाताने फिरवायचा दांडा जोडला. छिन्नी-हातोड्याचे दणके न बसता हाड कापता येऊ लागले. स्थिर पाते आणि त्याभोवती अखंड फिरणारी साखळी, हा आजच्या चेनसॉचा आराखडा तिथेच तयार झाला होता.

झाडापर्यंत पोहोचायला त्याला पाऊणशे वर्षे लागली. १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्स यांनी कॅलिफोर्नियातले रेडवुडचे अजस्र बुंधे डोळ्यांसमोर ठेवून अखंड साखळीच्या करवतीचे पेटंट घेतले. पण साखळी फिरवणारे, उचलून नेता येईल असे इंजिन मात्र अजून यायचे होते.

ते आणले जर्मनांनी. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये श्टुटगार्टला विजेवर चालणारी चेनसॉ बनवली. वजन ६४ किलो, चालवायला दोन माणसे. वीज जंगलात कुठून असणार? त्यामुळे तिचा उपयोग लाकडाच्या वखारीपुरताच. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंजिया प्रांतातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखवली, आणि त्या डोंगराचे नाव त्यांच्या कंपनीला कायमचे चिकटले. १९२९ मध्ये श्टील यांचेही पेट्रोलचे यंत्र आले: सहा अश्वशक्ती, ४६ किलो. म्हणजे जवळपास सिमेंटची एक गोणी उचलून, चालू इंजिनासह झाडाच्या बुंध्याला आडवी धरायची.

हे धूड दोघांनी चालवायचे. एक जण इंजिनाशी, दुसरा पात्याच्या टोकाला बसवलेल्या मुठीशी. काम कंबर मोडणारे होते, पण त्यात एक फायदा आपसूक दडलेला होता. पात्याचे टोक दुसऱ्या माणसाच्या हातात असल्यामुळे ते मोकळे उसळायला वावच नव्हता.

आणखी एक अडचण कार्ब्युरेटरची. त्यात वाटीसारख्या भांड्यात पेट्रोल साठत असे आणि तरंगणारा गोळा त्याची पातळी राखत असे. यंत्र कलते केले की वाटी कलायची आणि इंजिन बंद पडायचे. म्हणून इंजिन सरळ ठेवून पातेच फिरवून घ्यावे लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पडद्याचा कार्ब्युरेटर आला. यात वाटी नाही. रबरी पडदाच मागेपुढे होऊन पेट्रोल खेचतो. आता करवत आडवी धरा, उभी धरा, उलटी धरा, ती चालत राहते.

त्याच सुमारास साखळीही बदलली. १९४६ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातला जो कॉक्स हा लाकूडतोड्या जंगलात बसला असताना त्याला एका खोडात जाडजूड अळी दिसली. तर्जनीएवढी जाड. ती लाकडाच्या धाग्याच्या दिशेने जितक्या सहज पुढे जात होती, तितक्याच सहज धाग्याला आडवीही. कॉक्सने जवळून पाहिले: तिचे दोन वाकडे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे लाकूड तासत होते. तोवर साखळीचे दात लाकूड ओरबाडत, लवकर बोथट होत, आणि त्यांना कानस लावण्यात कामाचा बराच वेळ जाई. कॉक्सने घरच्या तळघरात अळीच्या जबड्यासारखे वळवलेले पोलादी दात घडवले, एक डाव्या अंगाचा, एक उजव्या अंगाचा. १९४७ च्या नोव्हेंबरात पोर्टलंडहून त्या साखळीची विक्री सुरू झाली. आजही जगातल्या बहुतेक चेनसॉ त्याच घडणीची साखळी ओढतात.

कलती चालणारी, भराभर कापणारी करवत आता हलकी होणे तेवढे बाकी होते. १९५० मध्ये श्टीलची एका माणसाने चालवायची करवत आली, ती १६ किलोची. १९५९ मध्ये त्यांची ‘कॉन्ट्रा’ आली: गिअर नाहीत, साखळी थेट इंजिनावर, वजन १२ किलो. त्याच वर्षी स्वीडनमध्ये हुस्क्वार्नाने पहिली चेनसॉ बाजारात आणली. ही कंपनी १६८९ मध्ये राजाच्या फौजेसाठी बंदुका बनवायला सुरू झाली होती. दोन माणसांचे काम एक माणूस करू लागला, आणि पात्याचे टोक मोकळे झाले.

पण आधी बोलायला लागली ती बोटे.

दिवसभर चेनसॉ धरणाऱ्यांच्या बोटांना मुंग्या यायच्या, मग ती बधिर व्हायची, आणि थंडीच्या सकाळी एकदम पांढरीफटक पडायची. त्या बोटांना सदऱ्याचे बटणही लावता येईना. हादऱ्यांनी बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आखडत होत्या. हा आजार अगदीच नवा नव्हता. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या चुनखडीच्या खाणकामगारांमध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तो नोंदवला होता. पण आता तो जंगलोजंगली पसरला. जपानी लाकूडतोड्यांच्या बोटांना तर ‘पांढऱ्या मेणाचा रोग’ असे नावच पडले. तिथल्या सरकारी जंगलांत १९६० च्या दशकात हे प्रकरण एवढे गाजले की दशकाच्या अखेरीस चेनसॉ दिवसाला दोनच तास चालवायची, असे कामगार संघटनेशी ठरले.

यंत्रांच्या कारखान्यांत उत्तर निघाले ते मुठी इंजिनापासून तोडण्याचे. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे गट्टू आले. फिनलंडमधल्या सुओमुस्सालमी भागातल्या लाकूडतोड्यांचा पाठपुरावा करणाऱ्या डॉक्टरांना १९७२ मध्ये चाळीस टक्क्यांच्या बोटांत हा रोग दिसला होता. १९९० मध्ये तो पाच टक्क्यांवर आला. एखाद्या यंत्राच्या दुरुस्तीने माणसांच्या बोटांत परत रक्त खेळल्याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

मोकळ्या टोकाचा हिशेब मात्र अजून व्हायचा होता. पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग चुकून एखाद्या फांदीला किंवा ओंडक्याला टेकला, की साखळीचा दात तिथे रुततो, पुढे जाऊ शकत नाही, आणि सगळे पाते वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे फेकले जाते. हे सगळे सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात आटोपते. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे सावधपणा कितीही असला, तरी इथे तो उशिराच पोहोचणार.

१९७२-७३ च्या सुमारास श्टील आणि हुस्क्वार्ना यांनी साखळीला ब्रेक दिला. पुढच्या मुठीसमोरची ढाल म्हणजेच त्याचा दांडा. पाते उसळले की मनगट ढालीवर आदळते, आत पोलादी पट्टा क्लचच्या डब्याभोवती आवळला जातो आणि साखळी जागच्या जागी थांबते. पुढच्या काळात हात लागण्याचीही गरज उरली नाही. उसळीच्या झटक्यानेच ढाल पुढे कलंडते.

याच काळात चेहऱ्यावर जाळी, कानांवर मफ आणि पायांवर खास पँट आली. या पँटची युक्ती मजेशीर आहे. तिच्या आत लांबच लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी वरचे कापड फाडते, धागे बाहेर खेचले जातात, चाकाभोवती गुंडाळतात आणि यंत्र गुदमरते. मोटारसायकलच्या चाकात ओढणी अडकते, तो अपघात इथे मुद्दाम घडवून आणलेला असतो. अशी पँट एकदाच वाचवते. नंतर ती टाकून द्यायची.

स्वीडनच्या लाकूडतोड्यांनी अपघातांच्या आणखी एका कारणावर बोट ठेवले: मजुरी. काम उक्ते, जितकी झाडे तितके पैसे. अडकलेले झाड नीट सोडवायला अर्धा तास घालवला, तर तो अर्धा तास स्वतःच्या खिशातून. १९७५ च्या वसंतात हजारो जंगल-कामगारांनी मासिक पगारासाठी संप केला. मजुरीची पद्धत बदलली, घाई कमी झाली, आणि अपघातही कमी झाल्याचे पुढच्या अभ्यासांत दिसले.

झाडाला मात्र ब्रेक बसवता येत नाही. ते पाडायची रीत चेनसॉपेक्षा कितीतरी जुनी. ज्या बाजूला पाडायचे, त्या बाजूला आधी खाच घ्यायची, बुंध्याच्या जाडीच्या पाव ते पाचव्या भागापर्यंत. मग मागून काप. दोन्हींच्या मध्ये जाडीच्या साधारण दहाव्या भागाएवढी पट्टी न कापता ठेवायची. झाड याच पट्टीवर बिजागरीसारखे कलते. ती पूर्ण कापली, तर झाड कुठे पडेल ते वाराच ठरवणार. मागच्या कापात पाचर ठोकायची, पळायची वाट मागे तिरकी, आधीच साफ करून ठेवायची, आणि झाडाच्या दुप्पट उंचीच्या अंतरात कुणाला फिरकू द्यायचे नाही.

हे नियम कुऱ्हाडीच्या आणि दोघांनी ओढायच्या करवतीच्या काळातही होते. फरक वेळेचा. हातकरवत ओढणाऱ्याला धागे तुटल्याची करकर ऐकू यायची, थांबून वर शेंड्याकडे बघायला सवड असायची. पेट्रोलच्या करवतीने ती सवड काढून घेतली आणि कानांवरच्या मफने ती करकरही. सोरेन एरिक्सन हे स्वीडिश लाकूडतोडे पुढे अमेरिकेत शिकवायला गेले, ते नेमकी ही सवड परत आणायला. त्यांची खाच रुंद, सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे झाड जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत बिजागरी तुटत नाही. मागचा काप बाहेरून आत न घेता ते पाते बुंध्यात आरपार खुपसत, आधी बिजागरी पक्की करत आणि मागे एक पट्टी राखून ठेवत. शेवटी फक्त ती पट्टी छाटायची आणि निघायचे. खोड उभे चिरून मागे फेकले जाण्याचा धोका त्याने बराच टळतो.

८ आणि ९ जानेवारी २००५ च्या मधल्या रात्री ‘गुद्रून’ नावाच्या वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवे केले. म्हणजे साऱ्या देशाची साधारण वर्षभराची तोड एका रात्रीत. वादळ ओसरल्यावरही माणसे मरत राहिली, पडलेली झाडे कापताना. उभे झाड एका दिशेने पडते; पडलेले झाड धनुष्यासारखे ताणलेले असते. २०१४ च्या अखेरीपासून स्वीडनमध्ये कामासाठी चेनसॉ वापरणाऱ्याने प्रशिक्षण आणि परीक्षेचा दाखला बाळगणे बंधनकारक झाले.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा हा ताण कोकणानेही पाहिला. पोफळी आणि माड वाड्यांतच झोपले, रस्त्यांवर आंबे-फणस आडवे झाले. आपत्ती दलाच्या जवानांनी चेनसॉंनी रस्ते मोकळे केले. वाड्यांत गावोगावचे मशीनवाले उतरले. त्यांच्या हातातल्या करवतीला ढाल आणि ब्रेक असतो, पण धाग्यांची ती जाड पँट कोकणच्या जून महिन्यात अंगावर क्वचितच दिसते.

उन्मळलेल्या फणसाच्या खोडाला कापण्याआधी एक फेरी मारावी लागते. दोन्ही टोके टेकून मधला भाग अधांतरी असेल, तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली. आधी वरून थोडेच कापायचे आणि मग खालून, नाहीतर खोड पाते चावून धरते. मातीसकट उभे राहिलेल्या मुळांचा गड्डा तर त्याहून फसवा. वरच्या खोडाचे ओझे तुटले, की तो गड्डा पुन्हा आपल्या खड्ड्यात धाडकन बसू शकतो. तिथे सावलीला बसलेल्या पोराला, बांधलेल्या शेरडाला आधी हलवायचे, मगच दोरी ओढून इंजिन चालू करायचे.