अंड्यातला ठिपका आणि निळे बाळ

मूल जन्माला येते, रडते, आणि रडता रडता त्याचे ओठ नि नखे निळी पडतात. डॉक्टर तपासून सांगतात, 'हृदयात जन्मापासूनचा दोष आहे.' मग घरात पहिला प्रश्न कोणाला विचारतात? आईला! 'ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?' वाचकहो, असे विचारणाऱ्या आजीबाईंना नावे ठेवू नका. त्यांना कारण हवे असते, इतकेच. पण हे कारण माणसाला ग्रहणात सापडले नाही. त्याचा माग लागला तो कोंबडीच्या अंड्यात. त्याचीच ही हकीगत.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने उबवलेली अंडी फोडून पाहिली. तीन दिवसांनंतरच्या अंड्यात त्याला रक्ताचा एक ठिपका दिसला. जिवंत असल्यासारखा तो उडत होता. तेच पिलाचे हृदय. पुढे जवळजवळ दोन हजार वर्षांनी, १६२८ साली, विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ छापला. त्यासाठी त्याने मासे, बेडूक, साप, अंड्यातली पिले, सारे पाहिले होते. त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. गर्भाची फुप्फुसे काम करीत नाहीत; म्हणून त्याच्या हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे मिळून एकच असल्यासारखे चालतात, जसा माशाचा एकच कप्पा.

आता हे प्राणी आपण ओळीने मांडून पाहू. माशाच्या हृदयाला वर एक कप्पा, खाली एक. बेडकाला वर दोन, खाली एक. सरडा, साप यांच्या खालच्या कप्प्यात पडदा असतो, पण अपुरा. मगरीचा मात्र पुरा. पक्षी आणि आपण, चार कप्प्यांचे धनी. आणि गंमत अशी, की या सर्वांचे हृदय आरंभी एक साधी नळीच असते. माणसाच्या गर्भात ती सुमारे बाविसाव्या दिवशी धडधडू लागते, मग वळते, आणि मग तिच्यात पडदे वाढतात.

ही ओळ पाहून एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ पंडितांना मोह पडला. ते म्हणाले, माणसाचा गर्भ आधी मासा होतो, मग बेडूक, मग सरडा. वाढ वाटेत अडली की सदोष हृदय उरते. पण फोन बेअर याने १८२८ सालीच बजावले होते, की गर्भ दुसऱ्या प्राण्याच्या मोठ्या झालेल्या रूपासारखा नसतो, तो त्याच्या गर्भासारखा असतो. म्हणजे निळे बाळ काही सरड्याचे हृदय घेऊन येत नाही. हृदय माणसाचेच; बांधकामाची एखादी पायरी तेवढी चुकलेली.

ती कशी चुकते पाहा. मार्सेय शहरातल्या फालो या डॉक्टराने १८८८ साली निळ्या रोग्यांच्या हृदयांत एकत्र आढळणारे चार दोष नोंदवले. आज आपण जाणतो की या चारींचे मूळ बहुधा एकच. हृदयातून बाहेर पडणारी एकच नळी गर्भात पडदा पडून दुभागते: एक वाट फुप्फुसांकडे, दुसरी साऱ्या शरीराकडे. हा पडदा थोडा पुढे सरकला की फुप्फुसांची वाट अरुंद होते. खालच्या पडद्याशी त्याची गाठ पडत नाही, म्हणून भोक राहते. शरीराकडे जाणारी महारोहिणी त्या भोकावर येऊन बसते. आणि अरुंद वाटेतून रक्त रेटून रेटून उजवा कप्पा जाड होतो. एका चुकीचे हे चार परिणाम!

अमेरिकेत बाल्टिमोरला हेलन टॉसिग या बाई अशा मुलांवर उपचार करीत. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून त्या छातीवर बोटे ठेवून ठोके समजून घेत. गर्भात फुप्फुसांना चुकवून रक्त नेणारी एक आडवाट असते. जन्मानंतर ती बुजते. टॉसिगबाईंनी हेरले की ती बुजली की ही मुले अधिक निळी होतात. मग तशी वाट पुन्हा करून दिली तर? ॲल्फ्रेड ब्लेलॉक हे शल्यविशारद आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी ते मनावर घेतले. थॉमस कॉलेजात शिकलेले नव्हते. पण कुत्र्यांवर प्रयोग करून ही शस्त्रक्रिया त्यांनीच बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर ती झाली, तेव्हा ब्लेलॉक यांच्या पाठीशी उभे राहून थॉमस सूचना देत होते. ती चिमुरडी फार जगली नाही. परंतु वाट खुली झाली होती. १९५४ साली लिलेहाय यांनी मिनियापोलिसला हृदय उघडून मूळ दोषच दुरुस्त केला.

आणि आईचे काय? हजार जन्मांत सुमारे आठ बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. बहुतेकांत कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. जी कारणे सापडली, त्यांतले एक ऑस्ट्रेलियातील ग्रेग यांच्या १९४१ सालच्या कामातून पुढे आले: गरोदरपणी आईला होणारा रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. त्यावर आज लस आहे.

हृदयातल्या पडद्यांचे काम आठव्या आठवड्याच्या सुमारास जवळजवळ पुरे होते. पुष्कळ जणींना तर तेव्हा कुठे दिवस गेल्याची खात्री पटत असते. तेव्हा उद्या तुमच्या घरी किंवा शेजारी असे बाळ आले, तर त्या माउलीला काही विचारू नका. तिला नि बाळाला घेऊन आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा.