एंटरप्राइजची डावी बाजू

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतलं एंटरप्राइज हे अंतराळयान आपल्याकडेही दूरदर्शनमुळे अनेकांच्या ओळखीचं झालं. पडद्यावर अवाढव्य दिसणारं हे यान म्हणजे ११ फुटांचं मॉडेल. लाकूड, पत्रा आणि साच्यातून काढलेलं प्लास्टिक, वजन सुमारे ९० किलो. आराखडा मॅट जेफरीज यांचा. कॅलिफोर्नियात बरबँकच्या एका मॉडेल शॉपमध्ये रिचर्ड डेटिन आणि सहकाऱ्यांनी १९६४च्या डिसेंबरात ते पूर्ण केलं.

चित्रीकरणापुरतं टिकलं की झालं, अशाच हिशेबाने ते बांधलं होतं. कॅमेरा असे उजव्या बाजूला, त्यामुळे खिडक्या आणि अक्षरंही तिकडेच. पुढे आत दिवे बसवले तेव्हा वायरी डावीकडून घेतल्या. यान उलट दिशेने जाताना दाखवायचं तर उजवीकडेच उलटी अक्षरं चिकटवायची आणि फिल्म उलटवायची!

मालिका १९६९ मध्ये संपली. १९७४ मध्ये पॅरामाउंट स्टुडिओने मॉडेल वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयाला दिलं. तिथे त्याचं कौतुक झालं, तसे हालही झाले. इंजिनांच्या लांब नळ्या स्वतःच्याच वजनाने झुकू लागल्या. १९७४, १९८४ आणि १९९१ मध्ये डागडुजी झाली. शेवटच्या खेपेला अंगावरच्या रेषा इतक्या ठळक रंगवल्या गेल्या की जुने चाहते नाराज झाले. पुढची कितीतरी वर्षं हे यान संग्रहालयाच्या दुकानात उभं होतं.

२०१४ मध्ये ते प्रयोगशाळेत आलं. एक्स-रे काढून आतला सांगाडा तपासला, रंगाचे थर अभ्यासले आणि १९७६ पूर्वीचे फोटो, फिल्म असतील तर द्या, असं लोकांना आवाहन केलं. ऑगस्ट १९६७ मध्ये ते जसं दिसत होतं तसंच करायचं ठरलं. यानाच्या पुढच्या गोल तबकडीच्या वरच्या भागावर साठच्या दशकातला मूळ रंग शिल्लक होता. तो फक्त हलक्या हाताने साफ केला, त्यावर नवा रंग चढवला नाही. या सगळ्या कामातला हा संयम सर्वांत मोलाचा. दिवे मात्र एलईडीचे बसवले, कारण जुने बल्ब तापतात.

१ जुलै २०१६ रोजी, संग्रहालयाच्या इमारतीच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी, यान पुन्हा लोकांसमोर आलं. डावी बाजू अर्धवटच ठेवली आहे आणि तेच योग्य आहे. कधी वॉशिंग्टनला गेलात तर उजवीकडून फोटो काढून निघू नका, काचेच्या पेटीच्या पलीकडे जाऊन ती बाजूही बघा.